पंचेचाळीस सेकंद

कोपरखैरणे, तीन टाकीचा सिग्नल, ज्यूस सेंटरचं कोपऱ्यातलं टेबल.
त्याचा एक पाय आखूड. त्याखाली दिव्येशनं
मास मीडियाचं पाठ्यपुस्तक सरकवलंय.
वर्षभरात पहिल्यांदाच ते कुणाच्या उपयोगी पडलं.

घारपुरे मॅडमनी सांगितलंय, रोमँटिक कॉमेडी.
अख्खा सिनेमा नको, नुसता टीझर.
पंचेचाळीस सेकंद. सोमवारी.
आणि काहीही करा, शेवट सांगू नका.

सुमेध दिग्दर्शक, कारण त्याच्याकडे टोपी आहे.
कॅमेरा दिव्येशचा, म्हणजे त्याच्या भावाचा,
त्यात अजून घणसोलीतल्या कुठल्याशा हळदीचे
तीनशे फोटो अडकलेत.
मी आवाज.
म्हणजे काठीला माइक बांधून, हात वर करून
उभं राहायचं,
फ्रेमच्या बाहेर.

सुमेध वहीच्या मागच्या पानावर
प्रेमाचं टाइमटेबल आखतो.
सातव्या सेकंदाला धडक, पुस्तकं खाली.
"पुस्तकं घेऊन कोण फिरतं आता?" म्हणत नौशीन
उसाच्या रसाचा ओला पेला
नेमका त्याच ओळीवर ठेवते.
एकोणिसाव्याला गैरसमज.
कसला, ते नंतर बघू.
तिसाव्याला खाडी, शेकडो फ्लेमिंगो,
आणि त्यांच्यामधून धावत येणारी ती.
"फ्लेमिंगो मे महिन्यातच गेले," दिव्येश भोईर सांगतो,
त्याच्या सात पिढ्या त्या खाडीच्या,
"आणि असते तरी तू ॲक्शन म्हणालास म्हणून
उडले नसते."
"मीच का धावायचं?" शाल्मली विचारते.
"त्यानं पडावं. चिखलात.
मी हसेन. मला हसता येतं."
हे सगळ्यांना पटतं,
हिरो झालेल्या निनादला सोडून.

बजेट सहाशे चाळीस.
त्यातले नव्वद आत्ताच रसात गेले.

मग नौशीन पेन ठेवते.
"खरं सांगा, यातलं कुणाला काही माहितीये का?"
टेबल हलतं, पुस्तक असूनही.
"बरं, घरच्यांचं सांगा."

दिव्येशचे आईवडील एकाच आळीतले,
कधी भेटलो ते आठवत नाही म्हणतात,
आधीपासून होतोच.
मग माझ्याकडे बघतात सगळे.

माझे बाबा माथाडी, कांदा-बटाटा मार्केटला.
लग्नाआधी मेढ्याला मुलगी बघायला गेले,
चहा प्यायले, मान खाली, उठले.
दुसऱ्या दिवशी परत दारात.
"काल छत्री विसरली."
एप्रिल महिना. कौलं तडकतील असं ऊन.
आजोबांनी अख्खं घर धुंडाळलं,
कोनाडे, पलंगाखाली, कणगीमागे.
आई आतून म्हणाली,
"काल तर यांच्या हातात काहीच नव्हतं."
बाबा म्हणाले, "हो."

एवढंच. हो.

कुणी लगेच हसलं नाही.
मग नौशीन हसली, नाकात रस जाईपर्यंत,
आणि सुमेधनं धडक, पुस्तकं, पक्षी सगळं खोडून
एकच शब्द लिहिला. छत्री.
ऊन आयतंच आहे ऑक्टोबरचं, फुकट.

निनादनं ते "हो" अकरा वेळा म्हणून बघितलं.
हजेरी दिल्यासारखं. पोलिसांना सांगितल्यासारखं.
एकदा तर चक्क शिंक आल्यासारखं.
"तू म्हण," नौशीन मला म्हणाली.
मी म्हणालो.
तिनं वहीत काहीतरी लिहिलं,
दाखवलं नाही.

सातला सगळे पांगले.
मी सिग्नल ओलांडला, खिसे चाचपले.
मोबाइल, किल्ली, माइकची वायर.
सगळं जागच्या जागी.
तरी मागे वळलो.

सिग्नल लाल. नव्वद सेकंद,
आमचा टीझर दोनदा बसेल एवढा.
पलीकडे ज्यूसवाला खुर्च्या
एकावर एक चढवतोय,
एक सोडून.